कुंपण सरकारचे, किल्ल्या कंपनीच्या
ऑस्ट्रेलियातील स्थानबद्धता केंद्रे आणि ती चालविणारे हात

माणसाने गुन्हा केला, त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली आणि तो तुरुंगात गेला, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. परंतु जगात अशीही कुलूपबंद ठिकाणे आहेत, जिथे आरोपपत्र नसते, खटला नसतो आणि शिक्षेची मुदतही नसते. तरीही माणसे महिनेच्या महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, तारांच्या कुंपणामागे दिवस काढतात. परक्या देशात वैध व्हिसा नसताना सापडलेल्या किंवा आश्रय मागण्यासाठी आलेल्या माणसांना जिथे ठेवले जाते, त्या ठिकाणांना इंग्रजीत 'इमिग्रेशन डिटेन्शन सेंटर' म्हणतात. आपण त्यांना स्थानबद्धता केंद्रे म्हणू.

या केंद्रांविषयीच्या बातम्या आपल्या कानांवर अधूनमधून येतात. तथापि एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या केंद्रांच्या किल्ल्या असतात कोणाच्या कमरेला? सरकारी शिपायाच्या की खासगी कंपनीच्या पगारी पहारेकऱ्याच्या? आणि आतल्या माणसाला इजा झाली, तर उत्तर कोणी द्यायचे?

या लेखात आम्ही ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेतले आहे. त्याला तीन कारणे आहेत. एक तर, बिनव्हिशाच्या परकीयास सक्तीने स्थानबद्ध करण्याचा तेथील कायदा पाश्चात्त्य लोकशाही देशांमध्ये अतिशय कडक मानला जातो. दुसरे, तेथे ही केंद्रे गेली सुमारे तीन दशके एकामागून एक खासगी कंपन्यांकडे सोपविण्यात आली असून त्यांच्या कारभाराच्या चौकशा जाहीरपणे झाल्या आहेत. तिसरे कारण घरचे आहे. मुंबई, वसई व गोव्याकडची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे आज सिडनी, मेलबर्न, पर्थ येथे स्थायिक झाली आहेत आणि आपली मुले शिक्षणासाठी तेथे जात आहेत. ज्या देशाच्या वेशीतून आपली माणसे आत जातात, त्या वेशीवर काय चालते हे आपणांस ठाऊक असावयास हवे.

कायदा काय सांगतो?

व्हिएतनाम युद्ध संपल्यावर, १९७६ च्या एप्रिल महिन्यात, पाच व्हिएतनामी माणसांची एक लहानशी होडी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन बंदरात लागली. त्यानंतरच्या काही वर्षांत अशा अनेक होड्या आल्या. त्या काळी आलेल्यांना बव्हंशी सामावून घेतले गेले. सिडनीचे व्हिलावूड आणि मेलबर्नचे मॅरिबिर्नाँग ही केंद्रे तेव्हाही होती. परंतु कोणाला अडकवून ठेवायचे व कोणाला नाही, हे ठरविण्याची मुभा अधिकाऱ्यांना होती.

१९९२ मध्ये मजूर पक्षाचे पॉल कीटिंग पंतप्रधान असताना ही मुभा संपली. होड्यांतून विनापरवाना आलेल्यांना स्थानबद्ध करणे सक्तीचे झाले. आरंभी या स्थानबद्धतेला २७३ दिवसांची मर्यादा होती. १९९४ मध्ये कायद्याची व्याप्ती वैध व्हिसा नसलेल्या सर्वच परकीयांपर्यंत वाढविण्यात आली आणि दिवसांची मर्यादाही गळून पडली. काही लोकांना 'ब्रिजिंग व्हिसा' देऊन बाहेर राहू देण्याची सोय कायद्यात आहे. पण ती मिळाली नाही, तर व्हिसा मिळेपर्यंत किंवा देशाबाहेर रवानगी होईपर्यंत माणूस आतच राहतो.

न्यायालयाने शिक्षा दिलेली नसताना माणसाला असे कोंडून ठेवता येते का? तेथील उच्चतम न्यायालयाने १९९२ मध्येच याचे उत्तर दिले. शिक्षा देण्याचा अधिकार केवळ न्यायालयाचा आहे; मात्र अर्जाची छाननी किंवा परत पाठवणी एवढ्याच हेतूने केलेली स्थानबद्धता ही शिक्षा नव्हे, सबब ती वैध होय, असा त्या निवाड्याचा आशय होता. वाचकांनी हा मुद्दा ध्यानी ठेवावा, कारण पुढचा सारा वाद या एका वाक्याभोवती फिरतो. स्थानबद्धता शिक्षा नाही, असे कायदा म्हणतो. आता ती राबविण्याचे काम कोणाकडे गेले ते पाहू.

किल्ल्यांचा प्रवास

खासगी कंपन्यांना हे काम देण्याची प्रथा ऑस्ट्रेलियाने सुरू केली नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील हार्मंड्सवर्थ केंद्राचे काम ब्रिटिश सरकारने १९७० मध्येच सिक्युरिकॉर या पहारा पुरविणाऱ्या कंपनीला दिले होते. अमेरिकेत तुरुंग चालविणाऱ्या खासगी धंद्याचा आरंभच मुळी स्थानबद्धता केंद्रापासून झाला. १९८४ च्या सुमारास ह्यूस्टन शहरातील एका मोटेलच्या खोल्यांत स्थलांतरितांना ठेवून एका नव्या कंपनीने आपले पहिले काम पार पाडले.

ऑस्ट्रेलियात १९९७ पर्यंत या केंद्रांवर सरकारच्या संरक्षण दलाचा पहारा असे. त्या वर्षाच्या अखेरीस हे काम 'ऑस्ट्रेलेशियन करेक्शनल मॅनेजमेंट' या कंपनीकडे गेले. तिच्या मागे अमेरिकेतील तुरुंग चालविणारी वॅकनहट ही कंपनी होती. तीच पुढे 'जिओ ग्रुप' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आज अमेरिकेतील अनेक स्थानबद्धता केंद्रे चालविते. म्हणजे, 'ही शिक्षा नव्हे' असे ज्या स्थानबद्धतेविषयी न्यायालयात सांगितले गेले, ती राबविण्यासाठी तुरुंग चालविणाऱ्यांचीच निवड झाली.

या कंपनीच्या काळात वूमेरा हे नाव जगभर गाजले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, रॉकेट चाचण्यांसाठी वसविलेल्या गावाजवळ, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये हे केंद्र उघडण्यात आले. चारशे माणसांसाठी केलेल्या जागेत काही महिन्यांतच चौदाशेहून अधिक माणसे दाटीवाटीने राहू लागली. त्यांत अफगाणिस्तान, इराक व इराण या देशांतील कुटुंबे व लहान मुले होती. २००२ च्या जानेवारीत येथील आश्रयार्थींनी उपोषण आरंभिले आणि काहींनी स्वतःचे ओठ सुईदोऱ्याने शिवून घेतले. आपले कोणी ऐकत नाही, हे सांगण्याचा याहून विदारक मार्ग कोणता असेल? २००३ च्या एप्रिलमध्ये वूमेरा बंद झाले. पुढच्याच वर्षी तेथील मानवी हक्क आयोगाने मुलांच्या स्थानबद्धतेविषयीचा सविस्तर अहवाल संसदेपुढे आला आणि मुलांना असे डांबून ठेवणे बाल हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग आहे, हे त्याने स्पष्ट केले.

२००३-०४ मध्ये किल्ल्या 'जीएसएल' या कंपनीकडे गेल्या. २००९ पासून त्या ब्रिटनच्या 'सर्को' या कंपनीकडे होत्या आणि पंधरा वर्षे तिच्याकडेच राहिल्या. आरोग्यसेवेचे काम 'आयएचएमएस' ही वेगळी कंपनी पाहत असे. २०२५ च्या प्रारंभी सर्कोची जागा 'सिक्युअर जर्नीज' या कंपनीने घेतली. ती अमेरिकेच्या युटा राज्यातील 'मॅनेजमेंट अँड ट्रेनिंग कॉर्पोरेशन' या तुरुंग व प्रशिक्षणकेंद्रे चालविणाऱ्या कंपनीची शाखा आहे. एकंदरीत, अमेरिकी कंपनीपासून निघालेल्या किल्ल्या सत्तावीस वर्षांनी फिरून पुन्हा अमेरिकी कंपनीच्याच हाती आल्या आहेत.

आतल्या माणसांची संख्या या काळात खूप चढली व उतरली. २०१३ च्या मध्यास ती दहा हजारांच्या वर गेली होती आणि त्यांत सुमारे दोन हजार मुले होती. अलीकडच्या वर्षांत ती एक हजाराच्या आसपास आली आहे. आतल्या माणसांचे स्वरूपही पालटले. २०१४ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने, एक वर्ष वा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झालेल्या परकीयाचा व्हिसा आपोआप रद्द होऊ लागला. अशी माणसे शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर पडतात आणि थेट स्थानबद्धता केंद्रात येतात. शेजारच्या न्यूझीलंडचे कितीतरी नागरिक, ज्यांचे बालपणही ऑस्ट्रेलियात गेले, ते या कारणाने आत आले. एकाच आवारात मुरलेला गुन्हेगार आणि जीव वाचवून पळालेला आश्रयार्थी यांना ठेवल्याने होणाऱ्या दुष्परिणामांकडे मानवी हक्क आयोगाने वारंवार लक्ष वेधले आहे.

समुद्रापलीकडची बेटे

२००१ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या 'टांपा' या मालवाहू जहाजाने बुडत्या होडीतून ४३३ माणसांना वाचविले. त्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरू देण्यास ऑस्ट्रेलियाने नकार दिला. यातून एक नवी पद्धत जन्मास आली. आश्रयार्थींना दूरच्या नाऊरू या चिमुकल्या देशात आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर ठेवायचे, खर्च ऑस्ट्रेलियाने करायचा. २००८ मध्ये ही पद्धत बंद झाली, परंतु २०१२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. १९ जुलै २०१३ रोजी तत्कालीन पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केले की, यापुढे होडीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कायमचे वसू दिले जाणार नाही.

सरकारची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. २०१० च्या डिसेंबरमध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक होडी फुटली आणि पन्नास जण किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. त्या काही वर्षांत एक हजाराहून अधिक माणसे या सागरी वाटेवर प्राणांस मुकली. होड्या थांबल्या तर हे मृत्यू थांबतील आणि तस्करांचा धंदा बसेल, असे सरकारचे म्हणणे होते. होड्या पुष्कळ अंशी थांबल्या, हेही खरे. प्रश्न उरतो तो एवढाच, की भावी प्रवाशांना धाक बसावा म्हणून आज हाती असलेल्या माणसाचे आयुष्य वापरणे नीतीला धरून आहे काय? ख्रिस्ती नीतिशास्त्रात माणूस हा नेहमी साध्य असतो, साधन कधीच नसतो. या निकषावर ही पद्धत टिकत नाही, असे आमचे मत आहे.

बेटांवर कंत्राटांची साखळी अधिक लांब होती. मानुसचा पहारा प्रथम 'जी४एस' कंपनीकडे होता. नाऊरू व पुढे मानुस अशी दोन्ही ठिकाणे 'ट्रान्सफील्ड' कंपनीकडे गेली. तिने नाव बदलून 'ब्रॉडस्पेक्ट्रम' घेतले आणि नंतर स्पेनच्या 'फेरोवियाल' उद्योगसमूहाने तिला विकत घेतले. प्रत्यक्ष पहारा 'विल्सन सिक्युरिटी' ही पोटकंत्राटदार कंपनी करीत असे. कल्याणकार्यासाठी आरंभी साल्व्हेशन आर्मी आणि नाऊरूत 'सेव्ह द चिल्ड्रन' या सेवाभावी संस्थाही कंत्राटावर होत्या. एका लहानशा बेटावर एकाच माणसाचे जेवण, पहारा, औषध आणि शाळा यांसाठी वेगवेगळे मालक होते.

१७ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री मानुस केंद्रात दंगल उसळली आणि २३ वर्षांच्या एका इराणी कुर्द तरुणाचा खून झाला. तो संरक्षण मागण्यासाठी आला होता. त्याच्या खुनाबद्दल २०१६ मध्ये ज्या दोघांना शिक्षा झाली, ते दोघेही त्याच केंद्रात नोकरीस असलेले स्थानिक लोक होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुस येथील स्थानबद्धता घटनाबाह्य ठरविली. २०१७ मध्ये मानुसवर ठेवलेल्या १,९०५ जणांच्या वतीने चाललेल्या दाव्यात ऑस्ट्रेलियन सरकार व कंपन्यांनी सात कोटी डॉलर नुकसानभरपाई मान्य केली. मात्र दोष कबूल केला नाही.

याच बेटावर बेहरूझ बूचानी या कुर्द पत्रकाराने आपल्या मोबाइलवरून व्हॉट्सॲपच्या संदेशांद्वारे एक अख्खे पुस्तक तुकड्यातुकड्यांनी बाहेर पाठविले. २०१९ च्या जानेवारीत त्या पुस्तकाला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला. ज्या देशाने लेखकाला आत येऊ दिले नाही, त्याच देशातील एका राज्याने त्याच्या ग्रंथाचा गौरव केला. पुरस्कार घेण्यास लेखक जाऊ शकला नाही.

पैशाचा हिशेब

खासगी कंपनी काम स्वस्तात व कौशल्याने करते, हा कंत्राटामागचा नेहमीचा युक्तिवाद. तो येथे कितपत खरा ठरला? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेला अहवाल वाचण्याजोगा आहे. नाऊरू व मानुस येथील कंत्राटांपोटी २०१२ ते २०१६ या काळात सुमारे २३० कोटी डॉलर खर्ची पडले. त्यांपैकी ११० कोटींच्या रकमा अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांनी मंजूर केल्या होत्या आणि आणखी ११० कोटींना मंजुरी कोणी दिली याची नोंदच सापडली नाही.

पुढची उदाहरणेही बोलकी आहेत. मानुसवरील कामासाठी 'पॅलाडिन' नावाच्या अपरिचित कंपनीला सुमारे ४२ कोटी डॉलरची कंत्राटे मिळाली. तिचा नोंदणीकृत पत्ता म्हणजे कांगारू बेटावरील समुद्रकाठचे एक साधे घर असल्याचे २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. नाऊरूत 'कॅन्स्ट्रक्ट' या बांधकाम कंपनीला प्रथम सुमारे ८० लाख डॉलरचे काम मिळाले होते. स्पर्धात्मक निविदा न काढता त्यात वेळोवेळी वाढ होत गेली आणि २०२२ पर्यंत आकडा १८० कोटींच्या घरात पोहोचला. २०२४ मध्ये माजी वरिष्ठ सनदी अधिकारी डेनिस रिचर्डसन यांनी केलेल्या परीक्षणात, कंत्राट देण्यापूर्वी कंपन्यांची पार्श्वभूमी नीट तपासली गेली नाही, असा निष्कर्ष निघाला.

घरी गवंडी लावतानाही आपण चार ठिकाणी चौकशी करतो. माणसांचा सांभाळ सोपविताना एवढीही चौकशी होऊ नये, हे दुःखद आहे. याचे एक कारण उघड आहे. ज्यांच्या नावाने हा पैसा खर्च होतो, त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना ते दिसत नाहीत.

जबाबदारी कंत्राटाने देता येते काय?

आता आपण लेखाच्या गाभ्याशी आलो. दोन घटना पाहू.

२००४ च्या सप्टेंबरमध्ये पाच स्थानबद्धांना मेलबर्नहून दक्षिण ऑस्ट्रेलियातील बॅक्स्टर केंद्रात बंद गाडीतून नेण्यात आले. कित्येक तासांच्या त्या प्रवासात त्यांना पुरेसे अन्न, पाणी व शौचाची सोय मिळाली नाही. चौकशीनंतर सरकारने जीएसएल कंपनीला पाच लाखांहून अधिक डॉलरचा दंड केला. कंत्राटातील दंडाचे कलम येथे उपयोगी पडले, हे मान्य करावे लागेल. परंतु दंड सरकारच्या तिजोरीत जातो, आणि गाडीत कोंडलेल्या माणसाचे हाल झाल्यावर जातो.

दुसरी घटना त्याच बॅक्स्टर केंद्रातील. दोन इराणी स्थानबद्ध तीव्र मानसिक आजाराने ग्रस्त झाले होते. त्यांच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारने कंपनीला दिली होती. कंपनीने ती पोटकंत्राटाने दुसऱ्या कंपन्यांना दिली होती. प्रत्येकाचा करार आपापल्या परीने नेटका होता. रुग्ण मात्र वाऱ्यावर होते. २००५ च्या मे महिन्यात फेडरल न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉल फिन यांनी निवाडा दिला, की स्थानबद्धांची काळजी घेण्याचे सरकारचे कर्तव्य दुसऱ्यावर ढकलता येत नाही आणि या दोघांच्या बाबतीत ते पाळले गेले नाही.

हा निवाडा आम्हांस फार मोलाचा वाटतो. काम वाटून देता येते. दायित्व वाटून देता येत नाही. ज्याने माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेतले, त्याच्यावरच त्याच्या भाकरीची, औषधाची आणि जिवाची जबाबदारी येते. बंदिस्त माणूस स्वतः डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, दुसरे दुकान पाहू शकत नाही, नोकरी सोडावी तसे केंद्र सोडू शकत नाही. बाजाराचा नियम तेथे लागू होत नाही, कारण कंपनीचा ग्राहक सरकार असते. आतला माणूस नसतो.

मग सरकारने स्वतः ही केंद्रे चालविली की सारे ठीक होते काय? तसेही नाही. आपल्याच देशात आसाममधील गोलपाडा जिल्ह्यात मटिया येथे परकीय ठरविलेल्या माणसांसाठीचे मोठे केंद्र २०२३ पासून राज्य शासन चालविते. तेथील पाणी, स्वच्छता व अन्य सोयींच्या दुरवस्थेविषयी २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला नापसंती व्यक्त करावी लागली. तात्पर्य, चालविणारा कोणीही असो, मुदत नसलेली स्थानबद्धता आणि बाहेरची नजर नसलेले आवार या दोन गोष्टी एकत्र आल्या, की अन्यायाला जागा होते.

ओलोंगापोच्या धर्मभगिनी

या सर्व व्यवस्थेत एका माणसाचे काय होऊ शकते, हे सांगणारी एक सत्यघटना कॅथोलिक वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी. फिलिपिन्समध्ये जन्मलेली, परंतु ऑस्ट्रेलियाची रीतसर नागरिक झालेली एक महिला २००१ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्यातील एका गावी जखमी अवस्थेत सापडली. तिच्या डोक्याला मार लागला होता व मन स्थिर नव्हते. कागदपत्रे जवळ नसल्याने अधिकाऱ्यांनी तिला बेकायदेशीर परकीय ठरविले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फिलिपिन्सला पाठवून दिले. आपल्याच देशाने आपल्याच नागरिकाला हद्दपार केले!

२००३ मध्ये खात्यातील काही अधिकाऱ्यांच्या ही चूक लक्षात आली. त्यांनी काहीही केले नाही. २००५ मध्ये प्रकरण गाजू लागले, तेव्हा ती कोठे आहे हे सरकारला ठाऊक नव्हते. ती होती ओलोंगापो शहरात, मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी भगिनी चालवीत असलेल्या मरणासन्नांच्या आश्रमात. तेथे सेवा करणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन धर्मगुरूंनी दूरचित्रवाणीवरील वृत्तान्त पाहिला आणि शोध लागलेली ती बाई आपल्याच आश्रमात असल्याचे त्यांनी ओळखले.

त्या भगिनींनी तिचा पासपोर्ट पाहिला नव्हता, व्हिसा विचारला नव्हता. जखमी बाई दारी आली, त्यांनी तिला आत घेतले. एका बाजूला संगणक, खाते, कंत्राटे आणि विमानाची तिकिटे होती. दुसऱ्या बाजूला एक खाट आणि चार हात होते. चार वर्षे तिला जिवंत ठेवले ते त्या हातांनी.

याच सुमारास जर्मनीत जन्मलेल्या व ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या एका मनोरुग्ण महिलेस दहा महिने तुरुंगात व बॅक्स्टर केंद्रात चुकून डांबल्याचे उघड झाले. दोन्ही प्रकरणांच्या चौकशांनी खात्याच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. २००५ मध्ये काही सुधारणा झाल्या आणि मुलांना केवळ अखेरचा उपाय म्हणून स्थानबद्ध करावे, हे तत्त्व कायद्यात आले. परंतु २०१३ चा आकडा वाचकांनी वर पाहिलाच आहे. कायद्यात लिहिलेले तत्त्व माणसांच्या सततच्या पहाऱ्यावाचून टिकत नाही.

वीस वर्षांनी फिरलेला निवाडा

२००४ मध्ये उच्चतम न्यायालयापुढे एका राष्ट्रविहीन पॅलेस्टिनी माणसाचा खटला आला होता. त्याला कोणताही देश स्वीकारीत नव्हता. अशा माणसाला कायमचे डांबता येईल काय? चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणाले, येईल. जवळजवळ वीस वर्षे हाच कायदा होता.

८ नोव्हेंबर २०२३ रोजी म्यानमारच्या एका राष्ट्रविहीन रोहिंग्या माणसाच्या खटल्यात न्यायालयाने हे मत एकमुखाने फिरविले. परत पाठविण्याची वाजवी शक्यताच नसेल, तर स्थानबद्धतेचा हेतू संपतो आणि उरते ती शिक्षा. ती देण्याचा अधिकार सरकारला नाही. अर्जदार हा गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगलेला माणूस होता, हे येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे जनतेत संताप उसळला. तथापि, आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही मिळतो तोच न्याय; आवडत्यांना मिळते ती मर्जी. या निवाड्यानंतर दीडशेच्या आसपास माणसे पहिल्या काही महिन्यांत मुक्त झाली.

सरकारने नवा मार्ग शोधला. २०२५ च्या ऑगस्टअखेर ऑस्ट्रेलियाने नाऊरूशी करार केला. अशा माणसांना नाऊरूने दीर्घ मुदतीचा व्हिसा देऊन घ्यावे. मोबदल्यात आरंभी ४० कोटींहून अधिक डॉलर आणि त्यानंतर दरवर्षी ७ कोटी डॉलर द्यावेत, असे त्याचे स्वरूप आहे. पूर्वी कंपनीला ठेका होता. आता एका देशालाच ठेका दिल्यासारखे झाले आहे.

ख्रिस्तसभा आणि आपण

ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा या प्रश्नी गप्प राहिलेली नाही. पॅरामाटा धर्मप्रांताचे बिशप व्हिन्सेंट लाँग हे स्वतः १९८० मध्ये होडीतून व्हिएतनाम सोडून निघालेले निर्वासित. मलेशियातील छावणीत राहून ते ऑस्ट्रेलियात आले, फ्रान्सिस्कन धर्मगुरू झाले आणि त्या देशातील व्हिएतनाममध्ये जन्मलेले पहिले बिशप ठरले. आजच्या नियमांप्रमाणे होडीतून थेट येणाऱ्यास ते दार बंद आहे. २०१५ मध्ये तेथील बिशप परिषदेने आपले सामाजिक न्यायविषयक वार्षिक निवेदन आश्रयार्थींच्या प्रश्नाला वाहिले होते. जेझुइट निर्वासित सेवा ही संस्था अनेक वर्षे आश्रयार्थींसोबत काम करीत आहे. मेलबर्नमध्ये ब्रिजिडाइन भगिनींनी २००१ मध्ये आश्रयार्थींसाठी प्रकल्प सुरू केला. स्थानबद्धांना नियमितपणे भेटणे, सुटलेल्यांना डोक्यावर छप्पर मिळवून देणे, हे त्यांचे कार्य. बंदिवानाची भेट हे आपल्या ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणलेले कृत्य आहे, हे आपण बालपणी धर्मशिक्षणात पाठ केले आहे. या भगिनींनी ते शब्दशः पाळले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये निवड झाल्यावर रोमबाहेरची पहिली भेट दिली ती लाम्पेदुसा बेटाला, जिथे होड्यांतून आलेल्या व समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांची कथा रोजची होती. स्थलांतरितांचे स्वागत, रक्षण, उन्नती आणि समाजात सामावून घेणे, ही चतुःसूत्री त्यांनी ख्रिस्तसभेला दिली. देशांना आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे, हे ख्रिस्तसभेची शिकवण नाकारत नाही. मात्र सीमा राखताना माणसाची प्रतिष्ठा राखलीच पाहिजे, असे ती बजावते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आपली मुले परदेशी जातात तेव्हा व्हिशाची मुदत व अटी त्यांनी स्वतः वाचाव्यात. सर्वस्वी एजंटवर विसंबू नये. मुदत संपत आली असता लपून राहण्यापेक्षा वेळीच नोंदणीकृत सल्लागाराकडे जावे. दुर्दैवाने कोणी परदेशात स्थानबद्ध झालाच, तर आपल्या वकिलातीस कळविण्याची मागणी करण्याचा त्याला हक्क आहे; १९६३ च्या व्हिएन्ना करारात तो नमूद आहे. न समजणाऱ्या कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा. घरच्यांनी लाजेपोटी गप्प न बसता आपल्या धर्मगुरूंना सांगावे. जगभर पसरलेल्या ख्रिस्तसभेत त्या शहरी जाऊन भेटणारे कोणीतरी निघते.

आणि एक गोष्ट आपल्या दारची. आपल्या गावांतील बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर आणि मच्छीमारी बोटींवर परप्रांतांतून आलेली माणसे राबतात. त्यांच्याकडे कंत्राटदाराचा माणूस म्हणून पाहण्याची आपल्यालाही सवय जडली आहे. कोणाचे पोर आजारी पडले तर 'ते कंत्राटदार बघेल' असे आपण सहज म्हणून जातो. ऑस्ट्रेलियातील न्यायमूर्तींनी आपल्या सरकारला जे ऐकविले, ते आपणही ऐकावे. कंत्राटदार पगार देतो. शेजारधर्म त्याच्याकडे सोपविता येत नाही.